तिसरी तार

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन खालच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. प्लग आत जाताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटावी, म्हणून ती लांब. उपकरणात वीज शिरण्याआधी त्याचं धातूचं अंग जमिनीशी जोडलं जावं आणि वीज पुरती सुटेपर्यंत जोडलेलंच राहावं, इतका बारीक विचार त्या जास्तीच्या लांबीमागे आहे. आणि आपल्या घरांत या पिनेचं काय होतं? कुठे ती सॉकेटात बसत नाही म्हणून पकडीने तोडलेली असते. कुठे दोन पिनांचा प्लग घालता यावा म्हणून वरच्या भोकात आगकाडी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून आतली झडप उघडून ठेवलेली असते. जिथे पिन शाबूत आहे, तिथेही बोर्ड उघडून पाहावा तर सॉकेटच्या मागे लाल आणि काळी अशा दोनच तारा निघतात. हिरवी तार टाकलेलीच नसते.

हा लेख त्या न टाकलेल्या हिरव्या तारेबद्दल आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरो दरवर्षी देशातल्या अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. त्यात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा स्वतंत्र रकाना असतो आणि अलीकडच्या वर्षांत हा आकडा १२ हजारांच्या वरच राहिला आहे. म्हणजे रोज तीसहून अधिक माणसं. सर्वाधिक मृत्यू नोंदवणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्राचंही नाव असतं. ही तीस माणसं एकाच ठिकाणी गेली असती तर मंत्री धावले असते, चौकशी लागली असती. पण ती एकेकटी जातात. कुणी न्हाणीघरात, कुणी परसात, कुणी विहिरीवर. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. त्या घरात अर्थिंग होतं का, हे त्या चार ओळींत कधीच नसतं. मला वाटतं, पहिला प्रश्न तोच विचारायला हवा.

कारण यातले बरेचसे मृत्यू आधी सांगून येतात. ‘फ्रिज जरा करंट मारतो, चपला घालून उघड’, हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकलेलं आहे. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, गीझर चालू असताना नळ धरला की बोटांना मुंग्या येतात, कॉम्प्युटरचा डबा चुरचुरतो. घरातली बाई या गोष्टींची सवय करून घेते, मुलांना बजावते, पाहुण्याला सावध करते. पण वायरमनला बोलावणं काही होत नाही, कारण उपकरण तर चालू आहे. आपल्याकडे विजेची वस्तू बिघडली असं तेव्हाच म्हणतात, जेव्हा ती बंद पडते.

या झिणझिण्यांची कारणं वेगवेगळी असतात. कॉम्प्युटरच्या किंवा टीव्हीच्या आतल्या फिल्टरमधून अगदी किरकोळ प्रवाह धातूच्या डब्यावर येतो. तो जमिनीत नेण्यासाठीच तिसरी पिन दिलेली असते. अर्थिंग असेल तर हाताला काही कळत नाही. गीझरचं प्रकरण जास्त गंभीर आहे. त्यातला एलिमेंट म्हणजे धातूची नळी, आत तापणारी तार, आणि दोन्हींच्या मधे ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. क्षारांच्या पाण्यात ती नळी वर्षानुवर्षं खात जाते, एक दिवस तिला चीर पडते, पूड ओली होते आणि वीज पाण्यात उतरते. बादलीत सोडायच्या हीटरच्या रॉडला तर टाकीचंही संरक्षण नसतं. रॉड चालू असताना पाणी तापलं का, हे बोट बुडवून पाहायची सवय अनेकांच्या जिवावर बेतली आहे. झिणझिण्या लहान कारणाने आल्या की मोठ्या, हे हाताला ओळखता येत नाही. दोन्हींतून एक गोष्ट मात्र नक्की कळते, की या उपकरणाचं अर्थिंग कमजोर आहे, तुटलेलं आहे किंवा कधी नव्हतंच.

माणूस किती विजेने मरतो? आपण व्होल्टचा विचार करतो, पण शरीरातून किती प्रवाह किती वेळ गेला यावर सगळं ठरतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत चार्ल्स डाल्झील नावाच्या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने आपल्या हयातीचा मोठा भाग या एका प्रश्नाला दिला. स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन त्याने प्रवाह हळूहळू वाढवत नेला आणि कोणत्या क्षणी त्यांना ती सोडता येईनाशी होते, ते नोंदवलं. पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांसाठी साडेदहा. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्याने मूठ बंदच राहते. ‘चिकटला’ म्हणतात ते हेच. प्रवाह आणखी वाढला आणि काही क्षण टिकला की हृदयाची लय बिघडते, ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही.

हे आकडे किती लहान आहेत, ते पाहा. नऊ वॉटचा साधा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो आणि २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. आता घराच्या बोर्डातला एमसीबी बघा. १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरच्या पुढे गेल्यावरच त्याला जाग येणार. तो तारा जळू नयेत म्हणून बसवलेला असतो. माणूस तारेला चिकटलेला असताना त्याच्या लेखी एखादा लहानसा दिवा पेटलेला असतो, एवढंच. ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही,’ असं सांगणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हा हिशेब सांगत आलो आहे.

उन्हाळ्यातल्या विदर्भात हा प्रश्न सगळ्यांत उघडा दिसतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि खिडकीखिडकीला पत्र्याचा कूलर लागतो. पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, वर पंखा, आणि खाली पाणी भरताना ओली झालेली फरशी. विजेसाठी याहून वाईट जोडणी मुद्दाम करायची म्हटली तरी अवघड. त्यात हा कूलर लहान मुलांच्या उंचीचा असतो. दर उन्हाळ्यात महावितरण कूलर सांभाळून वापरण्याचं आवाहन करतं आणि दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने मुलं गेल्याच्या बातम्या येतात.

अशाच एका मे महिन्यात मी अकोल्यातल्या एका वीजतंत्र्याबरोबर वस्तीत हिंडलो. आयटीआय झालेला, बापही याच धंद्यातला. प्रत्येक घरी त्याचं पहिलं वाक्य एकच: काकू, पाणी भरताना पिन काढता ना? काकू हो म्हणायच्या आणि त्याच वेळी चालू कूलरमध्ये नळी सोडलेली असायची. त्याच्या पिशवीत होल्डरला दोन तारा लावलेला शंभर वॉटचा जुना बल्ब होता. एक तार फेजला आणि दुसरी सॉकेटच्या वरच्या भोकात लावायची. बल्ब पेटला तर अर्थिंगची तार निदान कुठेतरी पोचते आहे, नाही पेटला तर ती नाहीच. बऱ्याच ठिकाणी बल्ब पेटला नाही. पेटला तिथेही तो समाधानी नव्हता, आणि ते बरोबर होतं. शंभर वॉटच्या बल्बला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो, तो सुमार अर्थिंगमधूनही झकास पेटतो. खरं मोजमाप अर्थ टेस्टरनेच होतं आणि ते यंत्र घेऊन घरात आलेला माणूस त्या वस्तीत कुणी पाहिलेला नव्हता.

एका नव्या बांधलेल्या घरात बल्ब छान पेटला, तेव्हा त्याने बोर्ड उघडला. सॉकेटच्या अर्थिंगच्या खिळीतून एक छोटा तुकडा न्यूट्रलला जोडलेला होता. हा प्रकार राज्यभर चालतो. खड्डा खणायचा खर्च वाचतो, टेस्टरला सगळं ठीक दिसतं आणि घरमालक खूश. पण खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला की घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या धातूवर २३० व्होल्ट उभे राहतात, तेही उपकरण अगदी नवं आणि निर्दोष असताना. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढे नूतनीकरणात तो पाइप गेला, प्लास्टिकचा आला आणि अर्थिंगही त्याच्याबरोबर गेलं. प्लंबरला ते ठाऊक नव्हतं आणि वायरमनला कुणी बोलावलं नव्हतं.

अर्थिंग म्हणजे साधारण अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नसराळं. आपल्या जमिनीचा स्वभाव इथे आडवा येतो. कोकणातला जांभा आणि देशावरचा काळा पाषाण वीज सहजासहजी पोटात घेत नाहीत. काळी माती ओली असताना उत्तम वाहक आहे, पण चैत्र-वैशाखात ती वाळते, आकसते, तिला हातभर भेगा पडतात आणि पाइपचा मातीशी संबंध सुटत जातो. म्हणजे वऱ्हाडात कूलर ज्या दिवसांत अहोरात्र चालतात, त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत कमजोर असतं. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात नेमाने पाणी ओतायचं असतं. नवीन घरं तर खड्ड्यावर फरशी घालून मोकळी होतात. तो कुठे होता, हे पाच वर्षांनी घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग चांगलं अर्थिंग करून घेतलं की झालं. दुर्दैवाने तेवढं पुरत नाही, आणि हे अनेक वायरमनही लक्षात घेत नाहीत. समजा, घरचं अर्थिंग २० ओहमचं आहे. खेड्यातल्या घरासाठी हे काही फार वाईट नाही. डीपीपाशी, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, महावितरणचं अर्थिंग तीन ओहम धरू. कूलरच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर प्रवाह २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही. कूलर चालत राहील, मीटर फिरत राहील आणि पत्र्यावर २०० व्होल्ट उभे असतील. घरात तिसरी तार आहे, खड्डा आहे, मीठ-कोळसा आहे, आणि तरीही पोरगं चिकटेल.

यावरचं उत्तर डाल्झीलनेच १९६१ मध्ये अमेरिकेत दिलं. आपल्या प्रयोगांतून माणसाला किती सोसतं ते त्याला नेमकं ठाऊक होतं, म्हणून त्याहून कमी गळतीला वीज तोडणारं साधन त्याने बनवलं. आपल्याकडे त्याच तत्त्वावरच्या साधनाला आरसीसीबी म्हणतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत गिऱ्हाईक अजून जुन्या नावाने ‘ईएलसीबी द्या’ म्हणतं आणि दुकानदार बरोबर आरसीसीबी काढून देतो. त्याचं काम गल्ल्यावर बसलेल्या चोख हिशेबनिसाचं आहे. फेजमधून जेवढी वीज आत गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. ३० मिलिअँपिअर कमी भरली, की ती कुठेतरी भलतीकडे, बहुधा कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे, असं धरून तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत दोन्ही तारा तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी आधी. वरच्या उदाहरणात १० अँपिअर अर्थिंगमधून निसटताच, कुणी कूलरला हात लावायच्या आधीच, तो पडला असता. अर्थिंग अगदी ५०० ओहमचं, म्हणजे जवळपास निकामी असतं, तरीही सुमारे अर्धा अँपिअर वाहिला असता आणि तो पडलाच असता. आपल्या भेगाळलेल्या काळ्या मातीवर आणि कातळावर उपाय आहे तो हा. दोन तारांच्या जोडणीला लागणारा चांगल्या कंपनीचा आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत येतो. मिक्सरच्या किमतीत.

याला मर्यादाही आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर हिशेब बरोबर जुळतो आणि आरसीसीबी गप्प राहतो. तारा तापून लागणारी आगही तो थांबवत नाही. त्यासाठी योग्य मापाचा एमसीबी आणि योग्य जाडीची तार हवी. आणि अर्थिंग नसलेल्या घरात आरसीसीबी बसवला तर तो पडेल, पण माणसाने हात लावल्यावर, म्हणजे धक्का बसल्यानंतर. जीव बहुधा वाचेल. धक्का टळणार नाही. तिसरी तार आणि आरसीसीबी ही जोडी आहे.

मग असं साधन बसवलेल्या घरांतही ते निरुपयोगी का पडलेलं असतं? याचं उत्तर मला वायरमनांकडूनच मिळालं. जुन्या घरात वायरिंग करताना दोन वेगवेगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने न्यूट्रल कुठून तरी उचललेला असतो. अशा घरात आरसीसीबी लावला की त्याचा हिशेब कधीच जुळत नाही, तो सारखा पडतो. गीझरचा एलिमेंट ओला झाला असेल तरी पडतो, पावसाळ्यात गच्चीवरच्या दिव्यात पाणी शिरलं तरी पडतो. घरमालक वैतागतो आणि वायरमन आरसीसीबी बाजूला काढून तारा थेट जोडून देतो. डबी तशीच बोर्डात दिसत राहते. न्यूट्रल शोधून वेगळे करणं हे दिवसभराचं, डोकं लावायचं काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. इथे वायरमनला दोष देऊन मला थांबता येत नाही. रंगाऱ्याला, सुताराला आपण पंधरा-पंधरा दिवस घरात राबवतो. वायरमनने मात्र तासाभरात काम उरकून निघावं, अशी आपली अपेक्षा असते.

घराबाहेरचे मृत्यूही याच गळतीचे आहेत. खेड्यांत पत्र्याच्या घराला खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून आत घेतलेली असते. वाऱ्याने ती घासत राहते, दोन-तीन पावसाळ्यांत वरचं आवरण फाटतं आणि सबंध पत्रा जिवंत होतो. त्याच पत्र्याच्या खांबाला अंगणातली कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. ओली साडी तारेवर टाकणारी बाई सकाळच्या वेळी ओल्या अंगणात, बहुधा अनवाणी उभी असते. तिला सोडवायला नवरा धावतो, मग सासू धावते. एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या अशाच होतात. यातला अर्धा उपाय फुकट आहे: लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा, आणि सर्व्हिस वायर पत्र्याला न टेकता पाइपमधून आत घ्या.

शेतावर परिस्थिती आणखी कठीण आहे. पंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळते आणि पाळी अनेकदा रात्रीची असते. दिवसा वीज देता यावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. पण रात्री बॅटरी तोंडात धरून, चिखलात उभं राहून स्टार्टरचं बटण दाबणारा शेतकरी अजून दिसतो. स्टार्टरचा डबा लोखंडी, त्याला अर्थिंग नाही. डीपीची पेटी सताड उघडी, किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी जाडजूड तार गुंडाळलेली. महावितरणच्या जनमित्रांकडे, म्हणजे लाइनमनकडे, गावं जास्त आणि हात कमी, म्हणून फ्यूज गेला की गावातलाच कुणी धाडसी गडी डीपीवर चढतो. आणि लाइन बंद करून काम करणाऱ्या जनमित्रालाही गावातूनच धोका असतो. कुणीतरी घरचा जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता सुरू करतो, त्याची वीज डीपीतून उलटी चढते आणि मेलेली समजलेली लाइन जिवंत होते.

रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणात थेट घरगुती वीज सोडण्याचा प्रकार तर सरळ जीवघेणा आहे. विदर्भात त्यात माणसं मेली, गुरं मेली, वाघ मेले. २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात ‘श्रीनिवास’ हा वाघ अशाच तारेला लागून मेला. कुंपण घालणाऱ्यावर सदोष मनुष्यवधापर्यंतचे गुन्हे दाखल होतात, पण रात्री डुकरांचा कळप उभं पीक आडवं करून जातो तेव्हा शेतकऱ्याला न्यायालय दिसत नसतं. त्याला पर्याय आहे तो प्रमाणित झटका मशीनचा. त्यातून साधारण सेकंदाला एक, आणि तोही सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता झटका बसतो. जनावर दचकून मागे फिरतं, चिकटून मरत नाही. अशा सौर कुंपणाला अनुदान आहे, ते वेळेवर मिळालं पाहिजे.

आगीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची कारणं वेगळी आहेत. दोन हजार वॉटचा गीझर किंवा इंडक्शन शेगडी जवळपास नऊ अँपिअर घेते. ती १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगवर येते. आपण वाण्याकडून कन्व्हर्शन प्लग आणतो आणि ६ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. सॉकेट पिवळा पडतो, मग काळा, मग वास येतो. आता त्यात विजेच्या स्कूटरचं रात्रभराचं चार्जिंग आलं आहे, तेही जिन्याखालच्या एक्स्टेंशन बोर्डावर. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या आणि वीजयंत्रणेच्या तपासण्या निघाल्या. घरांच्या वायरिंगची तशी तपासणी कुणी करत नाही, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या दोन ट्यूब आणि एका पंख्यासाठी टाकलेल्या तारांवर आज दोन एसी चालत असले तरी.

दिवाळीच्या माळांबद्दल तर लिहायलाच हवं. केसासारख्या तारांच्या स्वस्त माळा गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला गुंडाळल्या जातात. मधेच तुटलेली माळ पीळ देऊन जोडलेली, वर चिकटपट्टी. परतीचा पाऊस आला की ग्रिलला करंट, आणि ग्रिलला धरून मुलं फटाके बघत उभी. ज्या उपकरणाला दोन पिनाच असतात, त्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे का ते पाहावं. ते दुहेरी आवरणाचं, अर्थिंग न लागणारं उपकरण असतं. मोबाइलच्या चार्जरवर ते सापडेल. चिन्ह नाही, आयएसआयची खूण नाही आणि दोनच पिना, अशी माळ लोखंडावर चढवू नये.

कायद्यात यातलं काहीच राहून गेलेलं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत ठरावीक भारापुढच्या जोडण्यांना गळती ओळखून वीज तोडणारं साधन बंधनकारक केलं होतं. २०२३ च्या नव्या नियमांतही ती तरतूद आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची माहिती द्यावी लागते, विद्युत निरीक्षक चौकशी करतो. नवीन मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. हा रिपोर्ट प्रत्यक्ष घर बघून किती वेळा भरला जातो, हे मीटर घेतलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं. रस्त्यावर पडलेल्या तारेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पावसाळी रात्री कारखान्यातून सायकलने घरी निघालेला कामगार पाण्यातल्या जिवंत तारेवरून गेला आणि मेला. कुणीतरी वीज चोरायला तार ओढली होती, आमचा दोष नाही, असं मंडळाने सांगितलं. इतकी धोकादायक वस्तू जो पुरवतो, जबाबदारी त्याचीच, असा निकाल झाला. तुमच्या गल्लीत लोंबणाऱ्या तारेसाठी अर्ज करताना या निकालाचा उल्लेख जरूर करा.

उंबऱ्याच्या आतल्या तारांची जबाबदारी मात्र ग्राहकावर ढकलून सगळे मोकळे झाले आहेत. मला हे पटत नाही. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे स्वस्तात घरोघर पोचले, अनेक ठिकाणी बिलात हप्ते लावून. वीज वाचवण्यासाठी जे करता आलं, ते माणसं वाचवण्यासाठी करता येईल. आरसीसीबी त्याच पद्धतीने, बिलाच्या हप्त्यांवर, निदान दारिद्र्यरेषेखालच्या घरांना आणि शेतीपंपांना द्यावा. महावितरण सध्या घरोघरचे मीटर बदलते आहे. माणूस दारात येतोच आहे, तर त्याच्या हाती अर्थ टेस्टर द्यावा आणि अर्थिंगचा आकडा मीटरशेजारी लिहून ठेवण्याचा नियम करावा. ऊर्जा खात्याने एवढं केलं तर पुढच्या उन्हाळ्यात फरक दिसेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. घरच्या बोर्डात आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे, ते दाबा. खटका पडून घरची वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते साधन निकामी आहे किंवा बाजूला काढलेलं आहे, वीजतंत्र्याला बोलवा. दर महिन्याला एकदा, बिल भरायच्या दिवशी हे करा. आरसीसीबी नसेल तर या दिवाळीच्या खरेदीत तो पहिला लिहा, आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी अर्थिंग आहे का, तेही विचारा. कुणी चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर घरातल्या तारेपासून कोरड्या लाकडाने दूर करा. खांबावरच्या तुटलेल्या तारेजवळ मात्र लाकूड घेऊनही जाऊ नका, १९१२ वर फोन करून लाइन बंद करवा. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.